सामोची झाडं

मी नळी बोलतेय. बागेला पाणी घालायची नव्हे, आणि दवाखान्यातली तर नव्हेच नव्हे. मी गवंड्याच्या हातातली, लेव्हल बघायची नळी. पोटात पाणी भरायचं, दोन माणसांनी माझी दोन टोकं उभी धरायची आणि दोन्हीकडे पाणी कुठं थांबतंय ते पाहायचं, एवढंच माझं काम. त्यात लबाडीला जागा नाही. म्हणून मी जरा तोऱ्यात बोलले तर ऐकून घ्या.

आयव्हरी कोस्टच्या उत्तरेकडच्या आमच्या कोरड्या मुलखात वाहिगुया नावाचं शहर आहे, तिथल्या बाजारात एक हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं खिळ्यांच्या डब्यांशेजारी मी वेटोळं करून पडले होते. एके दिवशी तोए नावाचा गवंडी आत आला. तोए सामो जमातीचा आणि दुकानदार मोसी. आमच्या मुलखात या दोन जमातींचं नातं थट्टेचं. दोघांनी एकमेकांना चाकर आणि स्वतःला मालक म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं आणि ऐकणाऱ्याने हसायचं. जो रागावेल त्याची नाचक्की, वर त्यानेच कोलाच्या बिया, म्हणजे आमच्याकडचा मानाचा विडाच, पुढे करून माफी मागायची.

"ये रे चाकरा," दुकानदार म्हणाला. "आज कुत्र्याचं मुंडकं मिळालं का खायला?"

"मिळालं की. तुझ्याच दारातलं कुत्रं होतं, म्हणून अर्धं तुझ्या बायकोकडे ठेवून आलो," तोए म्हणाला. "आता मालकाला ही नळी कापून दे. आणि नीट माप. मोसीने मोजलं की हातभर कमीच भरतं."

दुकानदाराने हसत हसत मला कापलं आणि हातभर जास्तच दिलं. असा माझा जन्म झाला.

तोए शब्दाचा पक्का नव्हता. आज येतो म्हणाला की परवा उगवायचा. पण माझ्या बाबतीत फार कडक. माझ्यात पाणी ओढून घ्यायचा, मग मला उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत बोटाने टिचक्या मारत जायचा. आत बुडबुडा राहिला तर मी चुकीचं सांगते, हे त्याला माहीत होतं. शेवटचा बुडबुडा वर येऊन फुटेपर्यंत तो कामाला हात लावत नसे. त्याचे कामगार वैतागायचे, मला मात्र तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढे मोसींच्या तांगासोगो गावात धान्याचं कोठार बांधायचं काम त्याला मिळालं. कामावर गावातल्या बायका डोक्यावरून पाणी आणत. त्यांत सिबदू होती. उंच, सावकाश चालणारी. तिचा नवरा कोकोच्या मळ्यांत मजुरीला दक्षिणेकडे आयव्हरी कोस्टला गेला होता. त्याचे निरोप येत, तो येत नसे.

"काय गं चाकर, हे पाणी आणलंस की चिखल?" तोएने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुझ्या गावात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. कुत्रं शिजवायला वापरता तेच हे," सिबदू म्हणाली आणि घडा उतरवून गेली.

तोएला ती आवडली. मोसी बाईने असं तोंड चालवलं की त्याचा दिवस चांगला जायचा. पण सिबदूचं लक्ष त्याच्या थट्टेपेक्षा माझ्याकडे असे. येता-जाता ती थांबायची आणि माझ्या दोन्ही टोकांकडे बघायची.

"ही खोटं बोलते का रे कधी?" एकदा तिने विचारलं.

"पोटात बुडबुडा असला तर बोलते. तुम्हा मोसींच्या पोटात तो जन्मापासूनच असतो."

"जमिनीला लावली तर चालेल?"

"जमिनीला कशाला? जमीन म्हणजे काय भिंत आहे?"

"माझी आहे," सिबदू म्हणाली. "भिंतीसारखीच टणक. पाणी पडलं की तिच्यावरून तसंच पळतं."

खरंच तसं होतं. मोसी गावात बाईच्या नावाने जमीन नसते. घरातला कर्ता पुरुष तिला एखादा तुकडा कसायला देतो आणि हवा तेव्हा परत घेतो. सिबदूच्या घरी कर्ते होते तिच्या नवऱ्याचे काका, म्हातारे नोराओगो. त्यांनी तिला दिलेला तुकडा कुणालाच नको होता. लाल, उघडा, वर कडक पापुद्रा धरलेला. गुरंसुद्धा तिथून वळसा घालून जायची.

पूर्वी त्या तुकड्यावरही थोडी बाजरी यायची म्हणे. तेव्हा पाऊस वेळेवर यायचा आणि हळूहळू पडायचा. आता तो उशिरा येतो, आला की एका संध्याकाळी सगळा ओतून देतो, आणि मग असा दडी मारतो की पेरलेलं करपून जातं. असं एखाद्या वर्षी झालं असतं तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता. पण दर वर्षी तेच व्हायला लागलं, तेव्हा आपलं काहीतरी बदलावं लागणार हे सगळ्यांना कळलं. काय बदलायचं ते मात्र कळत नव्हतं.

पलीकडच्या गावांत लोक जांभ्या दगडांच्या बुटक्या रांगा घालून पाणी अडवतात, असं सिबदूने बाजारात ऐकलं होतं. रांग एका पातळीत असली की पाणी तिला टेकून थांबतं, पसरतं आणि मुरतं. रांग चुकली की सगळं पाणी एका जागी गोळा होतं आणि तिथूनच फोडून जातं. म्हणून ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

सुटीच्या दिवशी तोए मला खांद्यावर टाकून तिच्या वावरात आला. येणार होता सकाळी, आला दुपारी. दोन काठ्यांना माझी टोकं बांधली. एक काठी त्याच्या हातात, दुसरी सिबदूच्या. ती पुढे जायची, थोडी वर सरकायची, थोडी खाली, आणि दोन्हीकडचं पाणी खुणेवर आलं की पायाशी दगड ठेवायची. मग तो पुढे जायचा. डोळ्यांना उतार सरळ वाटत होता. मी सांगितलेली रेघ मात्र नागमोडी निघाली. सिबदू मागे वळून त्या दगडांकडे बघतच राहिली.

"मालक एवढं उन्हात फिरलाय," तोए म्हणाला. "त्याला काही पाजशील की नाही?"

तिने बाजरीच्या पिठाचं आलं घातलेलं पाणी भोपळ्याच्या वाटीतून दिलं. तो ते घटाघटा प्यायला आणि वाटी उलटी करून म्हणाला, "खारट आहे." ते गोडच होतं.

कोठाराचं काम संपलं तेव्हा तोएने मला गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "तुझ्याकडेच राहू दे. मालकाची एखादी वस्तू घरात असली की चाकर पळून जात नाही."  सिबदू हसली, आणि मी तिची झाले.

मग उन्हाळ्यात ती खणायला लागली. उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी कुदळ उचलत नाही. कोरडा वारा सुटलेला असतो, ओठ फुटतात, माणसं सावलीला बसून राहतात. सिबदू मात्र दगडांच्या रांगांमधल्या कडक जमिनीत वितीएवढे खळगे खणत होती. अशा खळग्यांना झाई म्हणतात. त्यांत शेळ्यांच्या लेंड्या आणि काडीकचरा घालून ठेवायचा. वाळवी येते, जमीन पोखरून भुसभुशीत करते, आणि पाऊस पडला की पाणी आत उतरतं. मग त्याच खळग्यात ज्वारी टोचायची. ही रीत जुन्या लोकांना ठाऊक होती, पण बरे दिवस आले तसे सगळे ती विसरले होते.

तिचा धाकटा दीर लासाने येता-जाता उभा राहायचा. आडदांड, घरात पुष्कळ खाणारी तोंडं, स्वभावाने वाईट नव्हे पण हट्टी.

"वहिनी, एवढे खड्डे! अख्ख्या घराण्याला पुरून उरतील."

"एवढे कुठं, भाऊजी. तुम्ही आडवे झालात तर तुम्हालाच दोन लागतील."

हे ऐकून लासानेची बायको मिनाता खो-खो हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून माझं दुसरं टोक धरायला तीच यायला लागली. दोघी जावा मला घेऊन वावरात फिरायच्या आणि दगड ठेवता ठेवता घरादाराची उणीदुणी काढायच्या. मी दोन्ही बाजूंचं ऐकायची आणि पोटातलं पाणी हलू द्यायची नाही.

त्या वर्षीही पाऊस उशिराच आला, आणि आला तो धो धो. लाल पाणी उतारावरून धावत आलं, पहिल्या रांगेला येऊन धडकलं, आणि थबकलं. मग ते दोन्ही बाजूंना पसरलं, दगडांच्या फटींतून हळूहळू झिरपलं आणि खालच्या रांगेकडे निघालं. सिबदू भिजत उभी होती आणि मी तिच्या खांद्यावर होते. पाणी एका पातळीत कुठं उभं राहतं हे मी जन्मभर दाखवत आले, पण वाहतं पाणी माझ्या शब्दाखातर थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला फार अभिमान वाटला. मग पावसाने दडी मारली, शेजारच्या वावरांत पानं गुंडाळून गेली, आणि तिच्या खळग्यांत ओल टिकली. पीक काही कणग्या फोडून वाहिलं नाही. पण उखळात घालायला तिच्याकडे ज्वारी होती आणि त्या वर्षी ती पुष्कळांकडे नव्हती.

तेव्हापासून मी घरोघरी जायला लागले. आज या बाईकडे, उद्या त्या म्हाताऱ्याकडे. काम झालं की कुणी मला छपरावर टाकायचं, कुणी माझ्याने बकरी बांधायचं. एकदा तर उंदराने दात लावले. उन्हाने माझी टोकं तडकायची, मग सिबदू तेवढा तुकडा कापून टाकायची. दर वर्षी थोडी थोडी मी आखूड होत गेले.

लासाने मात्र मला मागायला आला नाही. "माझ्या डोळ्याला उतार कळतो," असं म्हणून त्याने आपल्या वावरात दगडांची रांग घातली, सडकेसारखी सरळ. पहिल्याच मोठ्या पावसाने तिला मधोमध खिंडार पाडलं आणि चांगली माती ओढ्यात नेऊन घातली. मिनाता माझ्याकडे बघत सिबदूला म्हणाली, "ही ह्यांना घरात दिसली की जेवण गोड लागत नाही."

आता सिबदूच्या हातून काय झालं ते सांगते. शेळ्या झांगाच्या शेंगा खातात, आणि त्यांच्या लेंड्यांबरोबर बिया खळग्यांत गेल्या होत्या. झांगा म्हणजे उलट्या स्वभावाचं झाड. पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणून ज्वारीवर सावली धरत नाही, आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. ज्वारीच्या बुडाशी त्याची रोपं उगवली. सिबदूने कापणी करताना ताटं गुडघ्याएवढी उभी ठेवली, म्हणजे रोपांना वारा लागू नये आणि गुरांनी ती खाऊ नयेत. तिला ती आवडली होती. दुसऱ्या वर्षी ती कमरेला आली, तिसऱ्या वर्षी छातीला.

पण आमच्याकडे दुसऱ्याच्या जमिनीवर झाड लावत नाहीत. ज्वारी पेरली तर कुणी काही म्हणत नाही. झाड लावलं, तर मात्र ही जमीन माझी असं गावासमोर म्हटल्यासारखं होतं. हे सिबदूला माहीत नव्हतं असं नाही. पण आपण तर काही लावलेलं नाही, नुसतं उपटलं नाही, असं तिला वाटत राहिलं.

लासानेला तसं वाटलं नाही. त्याची माती वाहून गेली होती आणि इथं खालच्या अंगाला हिरवं वावर डोलत होतं. तो नोराओगो काकांकडे गेला. सावलीच्या मांडवाखाली घरातली माणसं जमली. सिबदू एका कडेला जमिनीवर बसली, आणि मी तिच्या शेजारी टोपलीत.

"काका, जमीन तुम्ही तिला कसायला दिलीत," लासाने म्हणाला. "तिने झाडं उभी केली. आज झाडं, उद्या म्हणेल वावरच माझं. मला चार पोरं आहेत. त्यांनी कुठं जायचं?"

"सूनबाई, झाडं तू लावलीस?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही, मामंजी. आपोआप आली."

"मग ठेवलीस का?"

 त्या बैठकीत मोठ्याने बोलायची बाईमाणसाला रीत नव्हती. सिबदू एवढंच म्हणाली, "त्यांच्यामुळे वारा कमी लागतो."

 पुढच्या पेरणीआधी झाडं तोडावीत, नाहीतर वावर परत द्यावं, असं नोराओगोंनी सांगितलं. सांगताना त्यांनाही ते गोड वाटत नव्हतं. पण रिवाज मोडला असता तर त्यांना कुणी विचारलं नसतं.

सिबदू घरी आली आणि कोयता घेऊन वावरात गेली. पहिल्या झाडापाशी बसली. पुष्कळ वेळ बसली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणाऱ्या एका बाईजवळ तिने तोएला निरोप दिला: तुझी चाकर अडचणीत आहे.

तोए आला. आश्चर्य म्हणजे त्याच दिवशी आला. मोपेड फटफटवत थेट वावरात शिरला, एका झांगाच्या झाडाखाली चटई टाकली आणि आडवा झाला. झाडाची सावली त्याच्या डोक्यापुरतीसुद्धा पडत नव्हती. थोड्या वेळात गाव गोळा झालं. नोराओगो काठी टेकत आले, त्यांच्यामागून लासाने.

"काय रे ए कुत्रेखाऊ, इथं कशाला लोळतोस?" नोराओगोंनी विचारलं.

"माझ्या झाडाखाली लोळतोय, म्हाताऱ्या चाकरा. तुझ्या काय पोटात दुखतंय?"

"तुझं झाड?"

"माझं. ही सगळी झाडं माझी. मी लावली."

"कधी लावलीस?"

"रेघ आखायला आलो होतो ना, तेव्हा. तुम्हाला वाटलं मी नळी धरायला आलोय. मोसीला काय, समोर दिसतं तेवढंच कळतं. खिशात बिया होत्या, टाकत गेलो."

लोक हसायला लागले. लासाने गर्दीतून पुढे घुसला. "खोटारडा!" तो ओरडला. "धडधडीत खोटं बोलतोय हा! याला आधी इथून उठवा!"

 मिनाताने तोंडावर हात ठेवला. नोराओगोंनी मान फिरवून पुतण्याकडे पाहिलं आणि मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"लासाने, अरे, तू सामोवर रागावलास? जा, कोलाच्या बिया घेऊन ये. आधी त्याची माफी माग."

लासाने पाय आपटत गेला, बिया घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तोएपुढे धरल्या. तोएने त्यातली एक फोडली, अर्धी त्यालाच दिली आणि म्हणाला, "खा. मालक दयाळू आहे."

मग नोराओगो म्हातारे गंभीर झाले. "ऐका सगळे. सामो म्हणतो झाडं त्याची. सामोशी आपण भांडत नाही, म्हणून झाडं तोडायची नाहीत. आणि झाडं सामोने लावली, म्हणजे सूनबाईने लावली नाहीत. म्हणजे तिने जमिनीवर हक्क सांगितलेला नाही. कसतेय तशी कसू दे तिला."

"आणि माझी झाडं राखायची," तोएने चटईवरून हुकूम सोडला. "एक फांदी जरी तुटली तरी मी इथं येऊन मरेन. मग मला खांदा द्यावा लागेल, आणि मी जड आहे."

वावर वाचलं. त्या रात्री सिबदूने तोएला कोंबडी खाऊ घातली. पण तो गेल्यावर ती मिनाताला काय म्हणाली ते मी ऐकलंय. "वाढवायची मी, आणि नाव त्या कुत्रेखाऊचं." ती हे हसत म्हणाली, पण तिला लागलं होतं. तिच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. जे आपलं ते राखायला दुसऱ्याचं म्हणावं लागणं सोपं नसतं.

वर्षं गेली. झांगाची झाडं वाढली. त्यांची पानं गळून माती काळसर झाली, उन्हाळ्यात शेळ्यांना शेंगा मिळायला लागल्या. पाऊस काही सुधारला नाही. कधी पेरणी दोनदा करावी लागली, कधी रांगा फुटल्या आणि पुन्हा घालाव्या लागल्या. सिबदूने लवकर येणारी बुटकी ज्वारी आणून लावली. एका वर्षी तर काहीच आलं नाही, आणि झांगाच्या शेंगांवर शेळ्या जगल्या, शेळ्यांवर घर जगलं. लासानेच्या पोरांनीही त्या वर्षी सिबदूच्या चुलीवरचं खाल्लं. याबद्दल कुणी काही बोललं नाही. तोए वर्षातून एकदा यायचा, झाडं मोजल्याचं नाटक करायचा आणि एक कमी आहे म्हणून भांडायचा.

मग नोराओगो वारले. सिबदूचा नवरा काही परतला नव्हता, म्हणून घरातला कर्ता झाला लासाने. त्याचे मुलगे आता जाणते झाले होते, त्यांना जमीन हवी होती. तरी तोएची झाडं होती, म्हणून कुणी सिबदूच्या वावराकडे बोट दाखवलं नाही.

आणि एका सकाळी फोन आला. तोए गेला.

 सिबदूने मला छपरावरून काढलं, टोपलीत घातलं. मिनाताने विचारलं, "नळी कशाला?" ती टोपली घेऊन बाहेर पडली. गाढवगाडीत पुढे लासाने, मागे दोघी जावा. वाटेत ती मिनाताच्या कानाला लागून म्हणाली, "मालक मेला. आता झाडं कुणाची गं?" मिनाताने पुढे बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि तिचा हात धरला.

वाहिगुयाच्या कडेला तोएच्या घरी खड्डा खणून झाला होता. घरचे रडत होते. सामोच्या मयताला मोसी गेला की त्याने रडायचं नसतं, दंगा घालायचा असतो. लासाने गाडीतून उतरला आणि थेट उकरलेल्या मातीच्या ढिगावर जाऊन आडवा झाला.

"आमच्या चाकराला आम्हाला न विचारता पुरताय? नाही पुरू देणार! उठवा त्याला, अजून त्याची कामं राहिलीत!"

रडणाऱ्या बायका रडता रडता हसल्या. तेवढ्यात सिबदू पुढे आली. तिने मला टोपलीतून काढलं आणि बादलीतलं पाणी माझ्यात ओढून घेतलं.

"हा जन्मभर तिरका वागला," ती मोठ्याने म्हणाली. "निदान आता तरी सरळ झोपू दे. आधी लेव्हल बघा!"

तोएची बायको डोळे पुसत म्हणाली, "बघा गं बघा. नाहीतर तिथूनही शिव्या घालेल." पण माझं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. मिनाता पुढे व्हायच्या आत लासाने मातीतून उठला, हात झटकले आणि टोक धरलं. एवढ्या वर्षांत त्याचा हात मला पहिल्यांदा लागला.

खड्ड्याच्या डोक्याकडे सिबदू, पायाकडे लासाने. पाणी काही केल्या ठरत नव्हतं. लासानेने मला उजेडाकडे धरलं, मध्ये अडकलेला बुडबुडा पाहिला आणि बोटाने टिचक्या मारत तो वर आणला. अगदी तोए करायचा तसं. हे त्याने कधी पाहून ठेवलं होतं कुणास ठाऊक. बुडबुडा फुटला, पाणी ठरलं.

"डोक्याकडे बोटभर उंच आहे," सिबदू म्हणाली.

"असू दे. मालक म्हणवून घ्यायचा ना," लासाने म्हणाला. मग माझं टोक हातात धरूनच तो जमलेल्या माणसांकडे वळला आणि आवाज चढवला. "ऐका, सामो लोकहो! तुमचा हा माणूस एक नंबरचा खोटारडा होता. आमच्या गावात येऊन म्हणाला, झाडं मी लावली. याने एक काडी लावली नव्हती! झाडं माझ्या वहिनीने लावली. मी घरातला कर्ता म्हणून सांगतो. झाडं तिची."

सगळे हसले, कारण मेलेल्या सामोला शिव्या द्यायच्याच असतात. पण आमच्या गावची जी चार माणसं आली होती ती हसली नाहीत. झाडं तिने लावली, असं कर्त्याने चारचौघांत म्हणणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं होतं. मिनाताने डोक्याच्या फडक्याने डोळे टिपले.

सिबदू हळू आवाजात म्हणाली, "मी लावली नव्हती, भाऊजी. मी फक्त तोडली नाहीत."

"तेच म्हणतोय मी," लासाने म्हणाला, आणि बाजूला होऊन नाक शिंकरलं. सिबदू त्या मातीच्या ढिगापाशी बसली आणि मग मात्र रिवाज विसरून रडली.

आता मी म्हातारी झालेय. पिवळी पडलेय, आतलं पाणी नीट दिसत नाही, आणि कापून कापून सुरुवातीच्या निम्मीसुद्धा उरलेले नाही. एवढ्याशा नळीने वावर मोजायचं म्हणजे घडीघडीला थांबावं लागतं. नवी नळी बाजारात मिळते, आणावी. तिलाही माझं एवढंच सांगणं आहे, की घाईत भरून घेऊ नकोस, बुडबुडा निघेपर्यंत माणसांना थांबायला लाव. ती कुरकुरतील, कुरकुरू दे.

आज सकाळी लासाने स्वतः दाराशी आला. पेरणीला अजून अवकाश आहे, वारा कोरडा आहे, आणि त्याच्या हातात कुदळ आहे.

"वहिनी, नळी आहे का?"

"आहे. पण फार आखूड झालीय हो."

"चालेल," तो म्हणाला. "जवळजवळ उभे राहू."

बरं, येते मी. मला पाणी भरायला नेतायत.